शाईखालच्या ओळी

दाजीसाहेब विचारे सुटून घरी आले त्याला आज तिसरा दिवस, आणि या तीन दिवसांत विचाऱ्यांच्या चुलीवरचं चहाचं आधण काही खाली उतरलं नव्हतं. रत्नागिरीत त्यांना भेटायला यायचा कोणी राहिला असेल तर तो अंथरुणाला खिळलेला असेल, नाही तर सरकारी नोकरीत. वकील आले, मास्तर आले, पेठेतले व्यापारी आले. गेल्या दहा महिन्यांत ज्यांनी या घरावरून जाताना मान वळवली होती, तेही हार घेऊन आले आणि सगळ्यांत मोठ्यानं रडले.

ओटीवर दाजी लोडाला टेकून बसले होते. डोक्यावर भिंतीला त्यांच्या वडिलांची, भाऊसाहेबांची तसबीर. भाऊसाहेबांनी काँग्रेसच्या जुन्या अधिवेशनात भाषण केलं होतं, दाजींनी चालती वकिली सोडली होती, आणि दाजींच्या थोरल्यानं, बाबूनं, गेल्या पावसाळ्यात दोन महिन्यांची सजा भोगली होती. या घरात मुलगा जन्मला की हा कुठल्या तुरुंगात जाणार, हे लोक बारशालाच विचारत. दमयंतीबद्दल मात्र तसं कुणी कधी विचारलं नाही. ती एकोणीस वर्षांची होती, आणि तिच्याबद्दल लोक विचारत ते एवढंच, की अजून लग्न कसं नाही.

कैरीच्या पन्ह्याचं तबक घेऊन ती ओटीच्या दारात आली, तेव्हा समोर भंडारवाडीचे माडी काढणारे दहा-अकरा जण बसले होते. पुढे भागोजी. उन्हानं काळा पडलेला, माडावर चढून चढून पायाचे अंगठे बाहेर वळलेला माणूस. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

"सायेब, आता दिल्लीला समेट झाला म्हनतात," भागोजी म्हणाला. "लडाय थांबली. मग आमच्या कोयत्यांचं काय?"

"कसल्या कोयत्या?" दाजींनी विचारलं.

भागोजी हसला. साहेब थट्टा करताहेत असं त्याला वाटलं असावं. "तुमच्या पत्रातल्या! दिवाळीच्या पत्रात तुमी लिवलाव ना, 'ज्या हातानं माडी काढलीत, त्याच हातानं कोयती पावणाईच्या पायांशी ठेवा. मी परत येईन तेव्हा मला तिथं भेटा.' दमाबायनं हितंच उभं ऱ्हावून वाचलं. दुसऱ्या दिशी मी पयली ठेवली. माज्या मागनं बावीस जनांनी."

तबकातले पेले किणकिणले. दाजींनी तबकाकडे पाहिलं, मग तबक धरणाऱ्या हातांकडे, आणि मग वर, मुलीच्या तोंडाकडे. ते पाहणं फार तर दोन क्षणांचं असेल, पण दमयंतीनं तबक घाईनं खाली ठेवलं.

"होय होय," दाजी म्हणाले. "लिहिलं होतं खरं. तुरुंगात या वाराचा त्या वाराला पत्ता नसतो, भागोजी. विसरायला होतं."

"तर काय!" भागोजी म्हणाला. "तर सायेब, देवीसमोर ठेवलेली वस्तू अशीच उचलता येत न्हाय. ज्याच्या शब्दावर ठेवली, त्येनं देवीच्या गाऱ्हान्यात उभं ऱ्हायाचं, 'शब्द माजा' म्हनून सांगायचं, आन् आपल्या हातानं उचलून द्यायची. दुसऱ्यानं शब्द आपला म्हनला तर देवी वाडीला बगून घेते. महिपत गुरवाला सांगून ठेवलाय. आज चार वाजता."

"येतो," दाजी म्हणाले. "चार वाजता येतो."

*

त्याचं असं झालं होतं.

दाजींचा उजवा हात जुन्या तापानंतर थरथरायचा. म्हणून तेराव्या वर्षापासून दमयंती त्यांचं लिखाण करी. आधी ते सांगत आणि ती लिही; मग ते अर्धं सांगत आणि उरलेलं ती पुरं करी; शेवटी ते नुसतं म्हणत, "त्या देवरुखच्या लोकांना काहीतरी लिही गं," आणि सही करत. सभेत दाजी बोलायला उभे राहिले की पुढचं वाक्य तिला आधी ऐकू येई. घरात याचं कुणाला नवल नव्हतं. लोणचं कोण घालतं आणि कपडे कोण वाळत घालतं, तसंच दाजींचं कोण लिहितं.

मग दाजी पकडले गेले. घाटावरच्या तुरुंगातून महिन्याला एक पत्र यायचं. थरथरत्या हातानं मोठाल्या अक्षरांत लिहिलेलं एकच पान. ते पत्र आलं की ओटीवर आणि खळ्यात साठ-सत्तर माणसं जमायची, आणि ते मोठ्यानं वाचलं जायचं. पहिलं पत्र बाबूनं वाचलं. मधल्या चार ओळींवर तुरुंगवाल्यांनी काळी शाई फासली होती. बाबू तिथं अडखळला, "इथं... इथं शाई आहे," म्हणाला आणि रडकुंडीला आला. लोक खाली माना घालून उठून गेले. दुसरं पत्र यायच्या आत बाबू स्वतःच आत गेला, आणि वाचायची पाळी दमयंतीवर आली.

काळी ओळ आली तेव्हा ती थांबणारच होती. पण समोर सत्तर माणसं श्वास रोखून बसलेली, आणि पुढचं वाक्य तिला नेहमीसारखं ऐकू आलं. ते तिनं म्हटलं. मग त्याच्या पुढचं. कागदावरून नजर न हलवता ती काळ्या शाईतून घडघडा वाचत गेली. लोकांचे डोळे चमकले. कुणीतरी जयजयकार केला. त्या संध्याकाळी रावजीकाकांनी, दाजींच्या धाकट्या भावानं, तिच्या हातातून पत्र घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं, आणि म्हणाले, "छान वाचलंस. यापुढे पत्रं माझ्या पेटीत राहतील."

अशी आठ पत्रं तिनं वाचली. दिवाळीच्या पत्रावर सहा ओळी काळ्या होत्या. त्या दिवशी सकाळीच भागोजीची बायको हौसा नारळ घेऊन मागच्या दारी आली होती आणि तिचं कपाळ फुटलेलं होतं. "पडले," एवढंच ती म्हणाली. पण ती कशी आणि कशानं पडते हे वाडीला ठाऊक होतं. दुपारी पत्र वाचताना शाई आली, आणि दमयंतीच्या तोंडून कोयत्या आल्या. खरं सांगायचं तर तिनं त्यावर तेव्हा काहीही विचार केला नव्हता. नंतरही फारसा नाही.

*

जेवणं झाल्यावर दाजींनी माजघराचं दार लोटून घ्यायला सांगितलं. आत दाजी, रावजीकाका, बाबू, आई आणि दारापाशी दमयंती. रावजीकाकांनी पेटी आणली, कुलूप काढलं आणि दिवाळीचं पत्र दाजींसमोर ठेवलं.

दाजींनी स्वतःचंच पत्र वाचायला घेतलं. वर 'अनेक आशीर्वाद', मग घरच्यांची विचारपूस, मग काळा पट्टा, खाली सही. ते त्या पट्ट्यावरून बोट फिरवत राहिले.

"म्हणजे हे सगळं..." ते म्हणाले.

"दमूनं," रावजीकाका म्हणाले. "आणि दाजी, रागवायच्या आधी ऐका. तुम्ही आत गेलात तेव्हा या घरामागं गावातली चार पांढरपेशी माणसं होती. आज भंडारवाडी आहे, कुणबीवाड्या आहेत. कुणामुळे? त्या पत्रांमुळे. आता लोकल बोर्डाच्या निवडणुका येतील. तुम्ही चार वाजता जा, 'शब्द माझा' म्हणा, कोयत्या द्या आणि या. पाच मिनिटांचं काम."

"ही फसवणूक आहे!" बाबू उसळला. तो सुटून आल्यापासून घरात कुणाशी नीट बोलत नव्हता; लोक आता त्याच्याकडे 'पुढचे दाजीसाहेब' म्हणून बघत आणि ते त्याला सोसत नव्हतं. "लोकांना खोटं वाचून दाखवलं, आणि आता देवीसमोरही खोटं? दाजी, आपण सत्याग्रही आहोत ना? मी बाहेर जाऊन सांगतो सगळ्यांना."

"सांग हो," रावजीकाका थंडपणे म्हणाले. "पण आधी एक सांग. 'माझा बाबू गजाआड गेला हे ऐकून माझी छाती भरून आली,' हे तुला आत निरोपानं कळलं, आणि तू वहीत उतरवून ठेवलंयस ना? ते कुठल्या पत्रातलं?"

"श्रावणातल्या."

रावजीकाकांनी पेटीत हात घातला आणि श्रावणातलं पत्र काढून बाबूपुढे धरलं. बाबूनं ते घेतलं. पाच ओळी काळ्या. त्यांच्या वर नाही, खाली नाही, कुठंच बाबूचं नाव नव्हतं.

त्यानं दमयंतीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"दाजी," बाबूचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला, "तुम्ही हे लिहिलं नव्हतंत?"

"बाळ, तू आत गेल्याचंच मला दोन महिन्यांनी कळलं," दाजी म्हणाले. "कळल्यावर आनंद झाला. म्हणजे... काळजीही वाटली. काय वाटलं ते आता नीट आठवत नाही."

बाबू पत्र हातात घेऊन तसाच बसला. एका पावसाळ्यातलं सगळं धैर्य त्या एका वाक्यावर उभं होतं, आणि ते वाक्य धाकट्या बहिणीचं निघालं. मग तो कुणाकडेही न बघता म्हणाला, "काका म्हणतात ते बरोबर आहे. जे झालं ते झालं. सगळंच दाजींचं राहू दे."

दमयंतीला त्याच्या या कोलांटीचा राग यायला हवा होता. पण तिला रडू आलं, आणि ते कुणासाठी हे तिचं तिलाच समजेना.

आई इतका वेळ सुपारी कातरत होती. तिनं अडकित्ता खाली ठेवला. "मला एक विचारायचंय," सावित्रीबाई म्हणाल्या. "सगळे हिनं काय वाचलं त्याचंच बोलताहेत. पण त्या शाईखाली तुम्ही काय लिहिलं होतंत?"

दाजींनी पत्राची घडी घातली. "काही विशेष नाही," ते म्हणाले. "चार वाजता जायचंय. माझं उपरणं काढून ठेवा."

*

मागच्या पडवीत हौसा बसली होती. तिनं नारळ आणले होते, पण ती नारळांसाठी आली नव्हती.

"आज कोयत्या उचलनार म्हनं," ती म्हणाली.

"हो. तुला बरं वाटतंय ना, हौसाबाय?"

"मला?" आपल्याला काय वाटतं हे कुणी विचारल्याचंच तिला नवल वाटलं. तिनं पदरानं कपाळ पुसलं. जुन्या जखमेचा वण भुवईपर्यंत आला होता. "पाच म्हयने घो शुद्धीत हाय. रातचा घरी येतो, पोरीशी बोलतो. चूल दोन वेळा पेटते असं न्हाय, पन कपाळ शाबूत हाय. आन् माजा लवू बापाच्या पाठी माडावर चढायला शिकला व्हता, बाय. कोयती गेली, काम गेलं, तो मुंबयला गेला. गिरनीत. तीन म्हयने झाले, कागद न्हाय. सायबाच्या शब्दावर घो आला, सायबाच्या शब्दावर पोर गेला. कुनाला हात जोडू आन् कुनाला शिव्या घालू, माजं मलाच कळत न्हाय."

दमयंतीनं पुढ्यातला एक नारळ उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"पन सायेब मोठा मानूस," हौसाच तिची समजूत काढू लागली. "त्येनं धा रात्री इचार केला असंल, मगच लिवलं असंल. आमास्नी काय ठावं?"

धा रात्री. दमयंती उठून आत गेली. तिला पडवीत बसवेना.

*

दाजी खोलीत एकटेच होते. पलंगावर बसून ते डाव्या हातानं उजवा हात चोळत होते. तुरुंगानं ते निम्मे झाले होते. सदरा खांद्यावरून ओघळत होता.

"दाजी, मी खरं सांगते त्यांना," दमयंती म्हणाली.

"बस," दाजी म्हणाले. "तुझ्या आईनं विचारलं ना, शाईखाली काय होतं? तुला सांगतो. तू माझं लिहिणारी आहेस. त्यात होतं, सोळा दिवस रक्त पडतंय. बराकीतले दोघे गेले. माझ्याच्यानं आता होत नाही. रावजीस सांगा, मोठ्या डॉक्टरांकडून खटपट करा. माफी लिहून द्यावी लागली तरी देईन, पण मला घरी न्या."

खिडकीबाहेर गडी कैऱ्या उतरवत होता. झेल्याच्या जाळीत पडणाऱ्या कैऱ्यांचा धप धप आवाज येत होता.

"मी वाट बघितली," दाजी म्हणाले. "रावजी भेटीला आला. मध्ये जेलर बसलेला. रावजी म्हणाला, 'तुमचा शब्द लोक देवळात ठेवतात.' मला काही अर्थ लागला नाही. मला वाटलं, घरच्यांनी ठरवलं की मी तिथंच राहावं. मग दुखणं आपसूक बरं झालं."

"दाजी..." दमयंतीनं तोंडावर हात दाबून धरला. ज्या दिवशी बाप घरी न्या म्हणत होता, त्या दिवशी तिनं त्याच्याच तोंडून साठ-सत्तर माणसांना खंबीर राहायला सांगितलं होतं. तिला स्वतःची किळस आली.

"तुझी चूक नाही. शाईतून कुणाला दिसतं?" दाजी म्हणाले. मग जरा लाजल्यासारखं हसून ते पुढे म्हणाले, "आज भागोजी गेल्यापासून मी ती आठही पत्रं लोकांच्या तोंडून ऐकली. कुणाला काय पाठ, कुणाला काय. दमू, तू केलेला दाजीसाहेब माझ्यापेक्षा फार बरा माणूस आहे गं. तो घाबरत नाही. त्याला भंडाऱ्याच्या बायकोचं कपाळ दिसतं. मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. मला तो होऊ दे. चार वाजता 'शब्द माझा' म्हणू दे. म्हटलं की कदाचित होईनही."

नको कसं म्हणायचं? आयुष्यभर तिनं त्यांना शब्द दिले होते; हा एक जास्त. आणि शब्द त्यांचा झाला तर तिची सुटका होती. लवूचं मुंबईला जाणं दाजींच्या नावावर, हौसाचे हात जोडणं दाजींच्या नावावर, शिव्याही त्यांच्याच. ती पुन्हा दाराआड उभं राहून पुढचं वाक्य ऐकायला मोकळी. पण दुसऱ्याचा शब्द आपला म्हटला तर देवी वाडीला बघून घेते, असं भागोजी सकाळी म्हणाला होता. देवीचं तिला तितकंसं ठाऊक नव्हतं. भागोजी आणि हौसा ते मानतात, एवढं मात्र ठाऊक होतं.

तिनं दाजींच्या खांद्यावर उपरणं नीट घातलं. काय करायचं ते तिला तेव्हाही कळलं नव्हतं.

*

पावणाईचं देऊळ माडांच्या बागेत आहे. खाली जांभ्या दगडाचा चौथरा, वर कौलं, आत तीन पाषाण. त्यांच्या पायांशी लाल फडक्यात बांधलेल्या तेवीस कोयत्या ओळीनं ठेवलेल्या होत्या. पाच महिन्यांच्या खाऱ्या हवेनं फडक्यांना गंजाचे डाग पडले होते. पुरुष आत, बायका बाहेर पायरीखाली. रावजीकाका पुढेच उभे होते. बाबू मागं, खांबाला टेकून.

महिपत गुरवानं नारळ हातात धरला आणि गाऱ्हाणं घातलं. "व्हय गे आई पावणाई, तुज्या लेकरांनी तुज्या पायांशी हत्यार ठेवलं, आज ते परत मागतात. जेच्या शब्दावर ठेवलं तो आज तुज्यासमोर उभा हाय. आई, राखन कर." मग तो दाजींकडे वळला. "बोला सायेब. शब्द कुनाचा?"

दाजी पुढं झाले. त्यांनी नारळ घेतला. हात थरथरत होता, नारळ थरथरत होता, आणि वाडीला वाटलं की साहेबांना भक्तीनं भरून आलं आहे.

"आई पावणाई," दाजी म्हणाले, "शब्द..."

पुढचं वाक्य दमयंतीला नेहमीसारखं आधीच ऐकू आलं. आणि या वेळी तिला ते सहन झालं नाही.

"माझा," ती पायरीखालून म्हणाली.

सगळे वळले. ती बायकांतून पुढं आली, पायरी चढली आणि आत आली. "शब्द माझा आहे, महिपतदादा. दिवाळीच्या पत्रावर शाई होती. खाली काय लिहिलंय ते मला दिसत नव्हतं. कोयत्यांचं मी मनानं वाचलं. दाजींनी ते लिहिलं नव्हतं."

"पोरीचं डोकं फिरलंय," रावजीकाका घाईनं म्हणाले. "ऊन लागलंय. दमे, बाहेर हो!"

"तुजा?" भागोजी म्हणाला. त्याला ते झेपेना. "तुजा शब्द? तुज्या शब्दावर मी... तेवीस घरांनी..." मग एकदम त्याचा आवाज चढला. "मग सायबानं काय लिवलं व्हतं?"

दमयंतीनं ओठ घट्ट मिटले. ते सांगणं तिचं नव्हतं.

"मी लिहिलं होतं, मला घरी न्या," दाजी म्हणाले. ते भागोजीकडे नाही, पाषाणाकडे बघत होते. "मी आजारी होतो. घाबरलो होतो. लिहिलं होतं की माफी मागावी लागली तरी चालेल, पण मला घरी न्या." आणि त्यांनी तो नारळ दमयंतीच्या हातात दिला.

रावजीकाका वहाणा शोधत देवळाबाहेर पडले आणि मागं न बघता निघून गेले. माणसांत कुजबुज झाली. एक जण जमिनीवर थुंकला. दुसरा म्हणाला, माणूसच आहे, दुखण्यानं कोण घाबरत नाही. तिसऱ्याला कुठल्या बाजूनं बोलावं तेच कळेना, म्हणून तो दोन्ही बाजूंनी बोलला. बाबू खांब सोडून पुढं आला आणि दाजींच्या शेजारी उभा राहिला. त्यानं त्यांचा थरथरणारा हात आपल्या हातात घेतला. बापाबद्दल आता काय वाटून घ्यायचं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

महिपत डोकं खाजवत होता. बाईमाणूस गाऱ्हाण्यात उभं राहिल्याचं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. पण रीत ती रीत. "शब्द हिचा तर हिनंच उचलायची," तो शेवटी म्हणाला.

दमयंतीनं नारळ देवीपुढे ठेवला, वाकून पहिली कोयती उचलली, फडकं सोडलं. भागोजीची. तिनं ती पुढं धरली. "मी विचार न करता बोलले," ती म्हणाली. "घ्यायची की नाही ते आता तुम्ही ठरवा. माझा शब्द संपला."

भागोजीचा हात उठला आणि अर्ध्यावर थांबला. पाच महिने त्यानं साहेबाच्या शब्दासाठी दात खाऊन काढले होते; पोरीच्या शब्दासाठी काढले म्हणायचे की स्वतःसाठी, हे त्याचं ठरेना. तेवढ्यात बायकांतून हौसा आली. नवऱ्याच्या पुढं हात घालून तिनं कोयती घेतली आणि पदरात गुंडाळली.

"ही माज्या घरात ऱ्हाईल," ती म्हणाली. "कदी द्यायची ते मी बगीन."

भागोजी बाजूला झाला. मग एकेक जण पुढं येऊ लागला. कुणी कोयती घेतली, कुणी हात जोडून तशीच राहू दिली. दोघांनी घेऊन पुन्हा ठेवली. दमयंती एकेक उचलून पुढं धरत राहिली. तिच्याकडे कुणी धड बघत नव्हतं, आणि ते तिला बरंच वाटत होतं.

माणसं पांगल्यावर ती पायरीवर बसली. हौसा तिच्यासमोर येऊन उभी राहिली. दमयंतीला वाटलं, आता ती शिव्या घालील. त्या खायची तिची तयारी होती.

"माज्या पोराला पाठवलंस तू मुंबयला," हौसा म्हणाली.

"हो."

"मग आता त्येला कागद लिव. मी सांगते तेवडाच. तुज्या मनाचं त्यात कायबी घालायचं न्हाय. समजलीस?"

बाबूच्या खिशात पेन्सिल होती, आणि दाजींना भाषणाला लागेल म्हणून त्यानं आणलेला कागद कोराच राहिला होता. दमयंतीनं तो गुडघ्यावर ठेवला. 'चिरंजीव लवू यास' एवढं लिहिलं आणि वर पाहिलं.

"सांग."

हौसानं तोंड उघडलं, मिटलं. दुपारी पडवीत धडाधड बोलणारी बाई आता माडांकडे बघत राहिली. कोयती तिनं पदरात पोटाशी धरली होती. काय सांगायचं होतं तिला, ये की नको येऊ, बाप सुधारला की बाप रुसला, तेच तिला उमजत नव्हतं. पुढचं वाक्य दमयंतीला ऐकू आलं. चांगलं होतं. ते वाचून लवू रडला असता.

तिनं ते लिहिलं नाही. पेन्सिल कागदावरून उचलून ती हौसाच्या तोंडाकडे बघत थांबून राहिली.